राखलेलं गवत आणि तणमोराची उडी

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात पाणी शिरतं आणि दक्षिणद्वार सोहळ्याला गर्दी लोटते. पण ते पाणी वाडीच्या आभाळातलं नव्हे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळणारा पाऊस पंचगंगेतून वाहत इथे कृष्णेला भेटतो. खुद्द शिरोळ तालुक्यात पडतो तो पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरच्या वाटेत पाऊस दहाव्या हिश्श्यावर येतो! नदीचं पाणी आणि ऊस बाजूला ठेवला, तर हा मुलूख मूळचा माळाचाच. मिरजेपलीकडचा दंडोबाचा डोंगर मागे टाकून जतकडे निघालं की तो उघडा दिसतो. कुसळी गवत, मधूनच बोर, हिवर, बाभूळ, आणि वर मोकळं आभाळ. आफ्रिकेतल्या सिंहांचा सव्हाना आणि आपला माळ एकाच जातकुळीचे आहेत.

इथे पूर्वी घनदाट जंगल होतं आणि ते तुटून माळ उरला, असं आपण सहज बोलून जातो. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी यावर 2025 साली सुंदर उत्तर दिलं. जुन्या मराठी पोथ्या, चरित्रं आणि लोकगीतं धुंडाळून त्यांनी 44 वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मोकळ्या, उन्हाच्या माळावरच वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे त्यांतल्या सर्वांत जुन्या पोथ्यांच्या काळापासून, निदान साडेसातशे वर्षं तरी, पश्चिम महाराष्ट्रात हा माळ आहे.

या गवतावर काय काय उभं आहे ते पाहायचं, तर तणमोर पाहावा. कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात नर काळ्या-पांढऱ्या पिसांनी सजतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी फितीसारखी लांब पिसं मागे वळतात. सभोवती गवत त्याच्या उंचीच्या वर गेलेलं असतं. मग मादीला दिसायचं कसं? तो जागच्या जागी सरळ वर उडी मारतो, माणसाच्या खांद्या-डोक्याएवढी. वर पंख फडफडवून खडखड आवाज करतो, पंख मिटतो आणि गवतात पुन्हा बुडतो. थोड्या वेळाने पुन्हा उडी. दिवसाला अशा शेकडो उड्या! मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला तीन-चार अंडी घालते. त्या दिवसांत तिथे गुरं शिरली किंवा विळा फिरला, की वीण संपली.

इथेच मालकीच्या कुरणांची गोष्ट सुरू होते. सौराष्ट्रात संस्थानिकांची आणि जमीनदारांची राखीव कुरणं असत, त्यांना 'वीडी' म्हणतात. पावसाळाभर चराई बंद. गवत पिकून वाळलं की कापणी, मग गंजी. मालकाला वैरण हवी होती, पाखराची त्याला फिकीर असो वा नसो. पण गवत राखायचे महिने आणि तणमोराच्या विणीचे महिने तंतोतंत जुळतात. मला या साऱ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं हेच वाटतं.

भावनगर संस्थानाचं असंच एक खासगी कुरण म्हणजे वेळावदर. तिथल्या काळविटांवर पाळीव चित्ते सोडून शिकार चाले. कोल्हापूरलाही तोच शौक होता. शिकारीसाठी का होईना, गवत राखलं गेलं. 1976 साली वेळावदरचं राष्ट्रीय उद्यान झालं, अवघं 34 चौरस किलोमीटरचं. आज तिथे काळवीट आहेत, पावसाळ्यात तणमोर येतो, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी संध्याकाळी शेकड्यांनी गवतात उतरून जमिनीवरच रात्र काढतात. झाड त्यांना लागतच नाही.

याच्या शेजारी माळढोक पक्ष्यासाठी केलेलं आपलं महाराष्ट्रातलं अभयारण्य ठेवून पाहा. 1979 साली ते कागदावर 8,496 चौरस किलोमीटरचं होतं, त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं. पुढे ते बरंच छाटावं लागलं आणि माळढोक तर नावापुरता उरला. माझं मत स्पष्ट आहे: नकाशावरच्या रेषेपेक्षा रोज गवत राखणारा माणूस महत्त्वाचा.

अशी माणसं महाराष्ट्रात आहेत. अकोला-वाशिम भागात 'संवेदना' संस्थेसोबत फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोराच्या माळाची राखण हाती घेतली. फासे लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या शिकलेली पाखराची चाल, त्याची जागा, त्याची वेळ ही सगळी विद्या आता त्याला वाचवायला कामी येते.

तणमोर 2021 पासून जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यात तुमच्या गावच्या माळावर कुणी वृक्षारोपणाचे खड्डे घ्यायला निघालं, तर त्यांना थांबवा. झाडं गावात, बांधावर, रस्त्याकडेला लावा. माळावर गवत राहू द्या, आणि कापणी दसऱ्यानंतर करा.