प्रत्यागती स्प्रिंग, स्पर्धा पिस्तुलातील

प्रत्यागती स्प्रिंग, स्पर्धा पिस्तुलातील : गोळी सुटताना बसणाऱ्या उलट धक्क्याने (प्रत्यागतीने) मागे सरकलेली पिस्तुलाची स्लाइड पुन्हा पूर्वस्थितीत आणणारी मळसूत्री दाब-स्प्रिंग. ही स्प्रिंग ज्या दांड्यावर बसविलेली असते त्यास मार्गदर्शक दांडा म्हणतात. स्वयंभरण पिस्तुलांत या जोडीला विशेष महत्त्व आहे. १० मी. अंतरावरील स्पर्धेच्या आधुनिक संपीडित हवेच्या पिस्तुलात मागे-पुढे सरकणारी स्लाइड नसल्याने अशी स्प्रिंग नसते.

कार्य : गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. स्लाइड मागे जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, हातोडी ताणली जाते व स्प्रिंग दाबली जाते. दाबलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, तेव्हा काडतूसपेटीतील नवे काडतूस नळीत शिरते व नळी मागून बंद होते. ०.२२ इंच (५.६ मिमी.) व्यासाच्या पिस्तुलांत नळी स्थिर असते आणि वायूंचा दाब उतरेपर्यंत नळीचे मागील तोंड केवळ पाटाचे (वा स्लाइडचे) जडत्व व स्प्रिंग यांच्या आधारे बंद राहते. ९ मिमी.सारख्या अधिक शक्तीच्या पिस्तुलांत नळी व स्लाइड प्रथम परस्परांत अडकलेल्या असून थोडे अंतर एकत्र मागे जातात आणि नंतर विलग होतात. या पद्धतीचा प्रसार मुख्यतः जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन संशोधकाच्या रचनांमुळे झाला. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले त्यांचे ०.४५ इंची पिस्तूल आजही अनेक स्पर्धा पिस्तुलांचा मूळ नमुना आहे.

स्प्रिंग जितकी ताठ तितका धक्का कमी, हा समज बरोबर नाही. एकूण संवेग गोळी व दारू यांवरून ठरतो. स्प्रिंग तो कमी करू शकत नाही, फक्त किती काळात व कोणत्या टप्प्यावर हाताला जाणवावा हे बदलते. उदा., ८ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला ३४० मी. वेगाने सुटल्यास वायूंचा वाटा धरून संवेग सु. ३ किग्रॅ. मी./से. होतो. नळीसह स्लाइडचे वजन ०.५ किग्रॅ. असल्यास तिला सु. ६ मी./से. वेग मिळतो. नळी थांबल्यावर उरलेल्या ०.४ किग्रॅ. स्लाइडची ऊर्जा सु. ७ जूल असते. ४५ मिमी. अंतरात सरासरी ५५ न्यूटन प्रेरणा देणारी स्प्रिंग त्यांपैकी केवळ सु. २.५ जूल साठविते. बाकीची ऊर्जा हातोडी ताणण्यात, घर्षणात व सांगाड्यावर होणाऱ्या आघातात खर्च होते. स्प्रिंगने साठविलेली ऊर्जा मात्र स्लाइडच्या परतीच्या वेळी परत मिळते. त्यामुळे स्प्रिंग अकारण ताठ केल्यास मागचा आघात थोडा घटतो, पण पुढचा वाढतो आणि नळीचे तोंड खाली झुकते.

गोळी नळीतून एक सहस्रांश सेकंदाहून कमी वेळात बाहेर पडते. तेवढ्या वेळात स्लाइड जेमतेम काही मिमी. सरकलेली असते. म्हणून स्प्रिंगचा प्रभाव सुटलेल्या गोळीवर अत्यल्प व पुढील गोळीच्या तयारीवर फार मोठा असतो. माशी पुन्हा लक्ष्यावर किती लवकर व किती नेमकी येते, हाच स्प्रिंगच्या निवडीचा खरा निकष होय.

स्पर्धेतील महत्त्व : २५ मी. पिस्तूल प्रकारात शीघ्र टप्प्यावर प्रत्येक गोळीसाठी ३ सेकंद व मध्ये ७ सेकंदांची विश्रांती असते; शीघ्रगती पिस्तूल प्रकारात तर ५ गोळ्या अनुक्रमे ८, ६ व ४ सेकंदांत पाच लक्ष्यांवर झाडावयाच्या असतात. अशा वेळी एकच काडतूस अडकले तरी संपूर्ण फैरमालिका धोक्यात येते. बिघाडाबद्दल सवलत मर्यादित वेळाच मिळते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत तर घड्याळ चालूच राहते. २५ मी. पिस्तूल प्रकारात महाराष्ट्राची कामगिरी उल्लेखनीय आहे. पुण्याजवळील खडकीच्या अनिसा सय्यद यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ मध्ये जाकार्ता-पालेंबांग येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदके पटकाविली.

स्प्रिंगची निवड : स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या सम प्रमाणात, तर वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाच्या व वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. तारेचा व्यास केवळ दहा टक्के वाढविला, तर ताठपणा सु. ४६ टक्के वाढतो. बाजारात स्प्रिंगा पौंडांत ओळखल्या जातात. हा आकडा स्लाइड पूर्ण मागे असतानाची प्रेरणा दर्शवितो. १९११ च्या नमुन्याच्या पूर्ण लांबीच्या ०.४५ इंची पिस्तुलात १६ पौंडांची (सु. ७१ न्यूटन) स्प्रिंग प्रमाण मानतात, त्याच रचनेच्या ९ मिमी. पिस्तुलास पुष्कळ हलकी स्प्रिंग पुरते.

निवडीचा प्रारंभ उत्पादकाने दिलेल्या स्प्रिंगेपासून आणि प्रत्यक्ष स्पर्धेत वापरावयाच्या काडतुसांवरच करावा. बदल एका वेळी एकाच गोष्टीत व सु. दोन पौंडांच्या अंतराने करावा. पुंगळी स्लाइडमध्ये अडकणे, शेवटच्या फैरीनंतर स्लाइड मागे न अडकणे व माशी लक्ष्याखाली झुकणे ही स्प्रिंग जास्त ताठ असल्याची लक्षणे होत. पुंगळ्या फार लांब उडणे, सांगाड्यावर आघाताच्या खुणा दिसणे व स्लाइड पूर्ण बंद न होणे ही ती सैल झाल्याची लक्षणे आहेत. चाचणी भरलेल्या व जवळजवळ रिकाम्या अशा दोन्ही काडतूसपेट्यांनी, तसेच पिस्तूल तापलेले व मळलेले असतानाही घ्यावी. स्वच्छ पिस्तुलात चालणारी स्प्रिंग शंभर फैरींनंतर चालेलच असे नाही. ०.२२ इंची पिस्तुलात स्प्रिंग ठराविक मर्यादेपेक्षा सैल करणे धोक्याचे असते, कारण दाब उतरण्याआधीच नळीचे मागील तोंड उघडून पुंगळी फुटू शकते.

मार्गदर्शक दांडा : दाबली जाताना लांब स्प्रिंग बाजूला वाकते व घासते, ते टाळणे हे दांड्याचे मुख्य काम होय. १९११ च्या मूळ रचनेत आखूड दांडा होता. पूर्ण लांबीचा दांडा पुढे स्पर्धकांमध्ये रूढ झाला. त्याने हालचाल अधिक सुरळीत होते, पण अचूकता आपोआप वाढते असे नाही. त्याचा दुसरा उपयोग वजनाचा आहे. टंगस्टन पोलादाच्या सु. अडीचपट घन असल्याने ४० ग्रॅ. पोलादी दांड्याच्या जागी त्याच आकाराचा टंगस्टन दांडा सु. १०० ग्रॅ. भरतो आणि नळीचे तोंड कमी उचलले जाते. मात्र २५ मी. प्रकारांत पिस्तुलाचे वजन १,४०० ग्रॅ.हून अधिक चालत नाही. दांडा बदलल्यावर स्लाइड पूर्ण मागे येण्यापूर्वी स्प्रिंगची वेटोळी एकमेकांस चिकटत नाहीत ना, हे अवश्य पाहावे.

किनारी हवामान व निगा : रत्नागिरी येथे वर्षाकाठी सरासरी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो व पावसाळ्यात हवा सतत दमट व खारट असते. अशा हवेत साध्या कार्बनी पोलादाच्या तारेवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. स्प्रिंग वारंवार दाबली जाताना या खड्ड्यांपासूनच तडे सुरू होतात. त्यामुळे कोरड्या हवेत दीर्घकाळ टिकणारी स्प्रिंग कोकणात अकाली तुटू शकते. अगंज पोलादाची किंवा संरक्षक लेप दिलेली क्रोम-सिलिकॉन पोलादाची स्प्रिंग येथे श्रेयस्कर ठरते. दर सरावानंतर स्प्रिंग पुसून तेलाचा पातळ थर द्यावा. दाट तेल परतीचा वेग मंदावते. चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते. नव्या स्प्रिंगेची मुक्त लांबी नोंदवून ठेवावी व काही हजार फैरींनंतर तिच्याशी तुलना करावी. लांबी स्पष्टपणे घटली असल्यास स्प्रिंग बदलावी. रत्नागिरीहून बालेवाडीसारख्या (पुणे) केंद्रावर स्पर्धेस जाणाऱ्या नेमबाजाने स्प्रिंग ऐनवेळी न बदलता, आधी दोन-तीनशे फैरी झाडून ती पारखलेली असणे इष्ट होय.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात आणि शस्त्रांची दुरुस्ती व विक्री यांसाठी परवाना लागतो. म्हणून स्प्रिंग घासून वा कापून जुळविण्याचे प्रयोग टाळावेत व असे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे.

[→ नेमबाजी, पिस्तूल, स्प्रिंग]