जार बनली, पण इंटरप्रिटर दिसेना

‘झेपेलिन सोर्सवरून बिल्ड केलाय, आता स्वतःचा इंटरप्रिटर घालायचा तर सगळं पुन्हा बिल्ड करावं लागणार ना?’ हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरचा ‘सोर्सवरून’ म्हणाला की पुढचं वाक्य मीच पुरं करतो. मंडळी दुपारभर मेवनच्या ओळी सरकताना बघत बसतात. शेवटी ‘बिल्ड सक्सेस’ येतं आणि इंटरप्रिटर यादीत नसतोच.

नसणारच! अपाचे झेपेलिन या नोटबुक-साधनाचा सर्व्हर आणि नोटबुकातला कोड चालवणारा इंटरप्रिटर या वेगवेगळ्या प्रोसेस आहेत. इंटरप्रिटर स्वतःच्या जेव्हीएममध्ये चालतो आणि सर्व्हरशी थ्रिफ्टवरून बोलतो. तुमचा कोड सर्व्हरच्या पोटात जातच नाही, मग सर्व्हर पुन्हा कशाला घडवायचा? ‘इंटरप्रिटर’ डिरेक्टरीत एक नवं फोल्डर करा. त्यात तुमची जार, तिला लागणाऱ्या बाकीच्या जार (इथेच निम्मे लोक अडकतात) आणि ‘इंटरप्रिटर-सेटिंग.जेसॉन’ ही फाइल ठेवा. गट, नाव, क्लासचं पूर्ण नाव आणि प्रॉपर्टी त्या फाइलमध्ये लिहायच्या. मग झेपेलिन एकदा रीस्टार्ट करून इंटरप्रिटरच्या पानावर ‘क्रिएट’ दाबा. पुढे जार बदलली, तर त्याच पानावरून तेवढा इंटरप्रिटर रीस्टार्ट केला की झालं. हे माझं संशोधन नाही. नवा इंटरप्रिटर कसा लिहावा, यावर झेपेलिनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत स्वतंत्र पानच आहे.

‘पण मी झेपेलिन-साइट.एक्सएमएलमध्ये क्लासचं नाव टाकलं होतं की!’ टाकलं असेल. ती पद्धत ०.६.० पासून कालबाह्य ठरली. जुन्या उत्तरांवरून कॉपी-पेस्ट करण्याआधी आवृत्ती बघायला काय जातं?

आणखी एक तक्रार: जेसॉनमधली मूळ किंमत बदलली, तरी पानावर जुनीच दिसते. कारण एकदा सेटिंग तयार झालं की ते ‘कॉन्फ’मधल्या ‘इंटरप्रिटर.जेसॉन’मध्ये साठवलं जातं आणि तिथलीच किंमत चालते. ती पानावरूनच बदला.

प्रत्येक नोटबुकला आपोआप स्वतंत्र प्रोसेस मिळते, हाही भ्रमच. ‘शेअर्ड’ मोडमध्ये सगळे एकच प्रोसेस वापरतात, वेगळी हवी तर ‘आयसोलेटेड’ निवडावं लागतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फक्त शेल फाइलमधूनच देता येतं, असंही नाही. प्रॉपर्टीच्या नावात फक्त इंग्रजी कॅपिटल अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर असतील, तर झेपेलिन ती तशीच एक्सपोर्ट करतो. आणि जावा येत नाही म्हणून कुणी अडून बसू नये: ०.९ पासून ज्युपिटरचे कर्नलही झेपेलिनमधून चालवता येतात.

एवढं करूनही पॅरेग्राफ चालला नाही, तर पुन्हा बिल्ड सुरू करू नका. ‘लॉग्स’मध्ये सर्व्हरची फाइल वेगळी असते आणि इंटरप्रिटरची वेगळी. दुसरी उघडा.