राखणदार बदलायचा, पण पारखून!



ऐन हंगामात मिल बंद पडली की गव्हाणीपुढं गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उतारा खाली येतो. हे नुकसान अखेर तुमच्या-आमच्याच पदरात पडतं. अशा बंदीचं एक नेहमीचं कारण म्हणजे उसाबरोबर आलेलं लोखंड. मोळीत विसरलेला कोयता, ट्रॉलीची खीळ, साखळीची कडी, नाहीतर साधा नट. रोलरमध्ये असा तुकडा सापडला की दात मोडतात आणि दुरुस्तीत तासन् तास जातात.

गेल्या हंगामात एका रात्रपाळीत आपल्याकडं असंच झालं. पट्ट्यावर धातूशोधक यंत्र होतं, चालूही होतं. मग ते ओरडलं का नाही? तपास केला तेव्हा कळलं, की त्याचं बटण फिरवून संवेदनक्षमता पार कमी करून ठेवलेली होती. कामगारावर राग काढणं सोपं आहे. पण एका पाळीत पुन्हा पुन्हा खोटी घंटा वाजवून पट्टा थांबवणाऱ्या यंत्रावर माणूस किती विश्वास ठेवील? 'लांडगा आला रे आला' ची गोष्ट आपण शाळेत ऐकलीच आहे. मी यंत्रशाळेत काम करतो. हे आधी माझ्या ध्यानात यायला हवं होतं, हे कबूल करतो. आता यंत्र बदलायचं ठरतंय, तेव्हा जुनी चूक नव्या दरानं विकत घेऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

काही सभासद विचारतात, "अहो, पट्ट्यावर चुंबक आहे की! मग हे कशाला?" रास्त प्रश्न आहे. चुंबक लोखंड उचलतो. पण पितळ, ॲल्युमिनियम, बरंचसं स्टेनलेस स्टील आणि मँगनीज पोलाद यांना तो ओढत नाही. शिवाय उसाच्या जाड थराखाली दबलेलं लोखंडही त्याच्या हातून निसटतं. धातूशोधकात तारेची वेटोळी असतात. एक वेटोळं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं आणि बाकीची तराजूसारखी समतोल राखलेली असतात. कोणताही धातू जवळून गेला की हा तोल ढळतो, घंटा वाजते, पट्टा थांबतो. चुंबक वेचतो, शोधक सांगतो. दोघंही हवेत.

पण हा तराजू फार नाजूक. सन १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शोधायला टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं आणि डॉक्टरांनीही शरीराच्या एकाच बाजूला शोध घेऊ दिला. यंत्र बरोबर असून जागा चुकली, की असं होतं.

आपल्या पट्ट्यावरही हाच घोळ होता. पट्ट्याचा सांधा लोखंडी क्लिपांचा. ती क्लिप दर फेरीला यंत्राखालून जायची. भोवतालची चौकट आणि रोलर फार जवळ. मोटारीची केबल शेजारूनच ओढलेली. त्यात फायबरायझरमधून आलेला ऊस ओला, आणि रस विजेचा वाहक, म्हणून तोही थोडा 'धातू' वाटतो. तेव्हा आधी सांधा गरम करून चिकटवलेला हवा, यंत्राभोवती धातूमुक्त जागा हवी, केबल दूर हवी. हे न करता कितीही महागडं यंत्र आणा, रड तीच!

दुसरा मुद्दा अंतराचा. समजा, पट्टा सेकंदाला १ मीटर धावतो आणि घंटा वाजल्यावर थांबायला ३ सेकंद घेतो. एकदम न थांबता तो हळूहळू थांबतो, तरी हिशेब सावधपणे धरायचा. म्हणजे यंत्र मिलच्या तोंडापासून ३ मीटरच्याही बरंच मागं पाहिजे. नाहीतर घंटा वाजेल आणि कोयता तोवर आत गेलेला असेल.

दरपत्रकं मागवताना किंमत शेवटी बघावी. आधी विचारावं: उसाचा पूर्ण थर चालू असताना केवढा तुकडा पकडाल? स्टेनलेसचा केवढा? कारण तोच सर्वांत अवघड. कागदावरचा आकडा नको; आपल्याच पट्ट्यावर, आपल्याच उसात, नट, पितळी बुश आणि स्टेनलेस बोल्ट टाकून दाखवा. इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडलं तर हंगामात माणूस किती तासांत येईल, हे लेखी द्या. बटणाला कुलूप असावं आणि प्रत्येक घंटेची नोंद वहीत व्हावी. दर पाळीला चाचणीचा तुकडा पट्ट्यावरून सोडून यंत्र जागं आहे ना, हे पाहावं.

आता आपलं काम. कोणतंही यंत्र शेवटचा राखणदार. पहिला राखणदार फडात आहे. संध्याकाळी टोळीचे कोयते मोजून घ्या. ट्रॉली भरण्याआधी खिळी आणि साखळ्या तपासा. मुकादमाला सांगा, की कोयता हरवला तर लपवू नका, लगेच कळवा. कुणी रागावणार नाही. मिलच्या दारात पकडलेल्या लोखंडापेक्षा फडातच वेचलेलं लोखंड केव्हाही स्वस्त पडतं.