दीडशे रुपयांचा चिनी पाहुणा

उत्तरपत्रिका तपासून तपासून माझ्या उजव्या अंगठ्याने गेल्या वर्षी असहकार पुकारला. बॉलपेनची शाई घट्ट. पेन दाबून धरावे तेव्हा गोळी फिरते आणि अक्षर उमटते. फाउंटनपेनची पातळ शाई निबेच्या चिरेतून आपोआप ओढली जाते. हाताने नुसती वाट दाखवायची. वडिलांचे पेन कपाटात होतेच, पण ते रोज कॉलेजात न्यायची छाती होईना. हरवले तर? म्हणून दीडशे रुपयांचे एक चिनी पेन घेतले. "खिशाला डाग पडणार!" हे घरचे भाकीत मात्र फुकट मिळाले.

चिनी पेन आपल्याला परके नाही. शांघायमध्ये १९३१ साली निघालेला कारखाना पुढे 'हीरो' नावाने प्रसिद्ध झाला. योगायोग असा, की त्याच साली मुंबईत दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' शाई काढली; तीच पुढची कॅम्लिन. हीरोचे '६१६' हे १९४१ सालच्या अमेरिकन 'पार्कर ५१'च्या वळणाचे : निब झाकलेली, टोक तेवढे बाहेर. माझे पेन त्या घराण्यातले नव्हे, उघड्या निबेचे. त्याचे नाव सांगत नाही. एका पेनावरून साऱ्या कारखान्याची पत्रिका मांडणे बरे नव्हे.

पहिल्याच दिवशी शाई अडली. नव्या पेनात कधी कधी यंत्राच्या तेलाचा अंश राहतो. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुतले, मग साध्या पाण्याने. शाई सुरळीत वाहू लागली.

खरी परीक्षा शिरोरेषेची! आडवी रेघ ओढताना निबेच्या दोन पाती समपातळीत नसतील तर खालच्या पातीची कड कागदाला अडते. भिंगातून पाहिले तर एक पाती केसभर वर. नखाने अगदी हलके दाबून ती बसवली. मग 'क्ष', 'ज्ञ', 'ळ' यांची वळणेही कुरकुर न करता उतरली.

महिनाभर वापरल्यावर माझा निकाल असा : एका भरणीत बारा-तेरा पाने होतात. अंगठा सुखी आहे. चार दिवस तसेच पडून राहिले तर टोक सुकते. स्वस्त वहीवर शाई फुटते, पण तो दोष कागदाचा. चित्रकलेची काळी शाई मात्र यात कधीही घालू नये. ती आत वाळून मार्गच बंद करते.

पाचव्या आठवड्यात पेन हरवले. टेबल, पिशवी, कोटाचे खिसे सारे पालथे घातले. दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी मी इतका कासावीस झालेला पाहून सौभाग्यवती हसू लागल्या. अखेर पेन सापडले ते कन्येच्या कंपासपेटीत. तिने अख्खा निबंध माझ्या तांबड्या शाईत लिहून काढला होता!

"बाबा, हात दुखलाच नाही," एवढेच तिचे समर्थन.

पेन धुऊन, निळी शाई भरून तिलाच दिले. हरवायचे ते स्वस्त पेनही हरवते आणि जीव तितकाच तुटतो, हे एव्हाना कळले होते. त्याच संध्याकाळी कपाटातले वडिलांचे पेन काढले आणि कोमट पाणी ठेवले.