निळ्या जिभेची सापसुरळी

ऑस्ट्रेलियात सिडनीसारख्या शहरातल्या परसबागांतही निळ्या जिभेची सापसुरळी दिसते. लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास, पाय मात्र आखूडच. घाबरली की फिस्कारते आणि गर्द निळी जीभ बाहेर काढते. समोरचा दचकतो, तेवढ्यात ही पसार.

न्यू साउथ वेल्समध्ये ती पाळायला परवाना लागतो. रानातून उचलून आणायची सोय नाही.

झाडं लावलेल्या काचपेटीत ती शोभते खरी, पण हाल होतात ते झाडांचे. जड पोट घासत ती रोपांवरून सरळ चालते, मातीत घुसते, मुळं उघडी पाडते. म्हणून लोमँड्रा हे गवतासारखं चिवट रोप कुंडीसकट पुरावं आणि भोवती पक्के दगड रचावेत. एका टोकाला ३५ अंशांच्या आसपास ऊब देणारा दिवा, दुसरं टोक थंड. पाणी रोपांच्या मुळाशीच घालावं. सततच्या ओलीने तिच्या पोटाखालच्या खवल्यांना संसर्ग होतो.

पालापाचोळा कुजवायला पेटीत सोडलेले किडे ती बऱ्याचदा स्वतःच फस्त करते! गोगलगाय तर विशेष आवडीची, कवच कडकन फुटतं. मात्र बागेतली गोगलगाय देऊ नये, तिने विषारी गोळ्या खाल्लेल्या असू शकतात.