विरल क्षयाचा शोध आणि शोधकाची निर्मळता

जर्मेनियम-७६ या समस्थानिकात दोन इलेक्ट्रॉन व दोन प्रतिन्यूट्रिनो एकदम बाहेर टाकणारा द्वि-बीटा क्षय आढळतो. न्यूट्रिनो हा स्वतःचाच प्रतिकण असेल, तर प्रतिन्यूट्रिनोविरहित क्षयही संभवतो, असे फरी यांनी १९३९ साली दाखविले. त्याचा निर्विवाद पुरावा अद्याप मिळालेला नाही. तो मिळाल्यास लेप्टॉन-संख्या अक्षय्य राहते हा नियम सोडून द्यावा लागेल.

या क्षयात सर्व ऊर्जा दोन इलेक्ट्रॉनांकडेच जात असल्यामुळे २,०३९ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एकाच ठिकाणी शिखर दिसावयास हवे. जर्मेनियमचा स्फटिक हा क्षयाचा उगम आणि शोधकही असतो. त्याचे ऊर्जा-विभेदन सुमारे ३ किलो इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके सूक्ष्म असल्याने नेहमीच्या द्वि-बीटा क्षयाची येथे अडचण होत नाही. खरी अडचण आहे ती भोवतालच्या किरणोत्साराची, म्हणजेच पार्श्वभूमीची. अर्धायुष्य १.८ गुणिले १० चा २६ वा घात इतकी वर्षे धरल्यास एक किलोग्रॅम जर्मेनियम-७६ मध्ये सुमारे ३३ वर्षांत एकच क्षय घडेल!

पार्श्वभूमी उरली असेल, तर अर्धायुष्याची गाठता येणारी मर्यादा वस्तुमान व काल यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणेच वाढते. ती नाहीशी केल्यास त्या गुणाकाराच्या सम प्रमाणात वाढते. म्हणून केवळ वस्तुमान वाढविणे पुरेसे नाही.

इटलीतील ग्रान सासो येथे, सुमारे १,४०० मीटर खडकाखाली झालेल्या ‘गेर्डा’ प्रयोगात (२०११–२०१९) हेच तत्त्व अंगीकारले होते. समृद्ध जर्मेनियमचे उघडे स्फटिक द्रव आर्गॉनमध्ये टांगलेले होते. आर्गॉन त्यांस थंड ठेवी, बाहेरील किरण अडवी आणि परका किरण आल्यास स्वतः प्रकाशून त्याची सूचनाही देई. शिवाय द्वि-बीटा क्षयाची ऊर्जा सुमारे एक मिलिमीटरच्या परिसरातच मुक्त होते, तर गॅमा किरण बहुधा अनेक ठिकाणी आदळतो. विद्युत्स्पंदाच्या आकारावरून हा भेद ओळखता येतो. परिणामी दुसऱ्या टप्प्यात अपेक्षित शिखराच्या जागी पार्श्वभूमीची एकही नोंद अपेक्षित नव्हती, असे म्हणण्यास हरकत नाही. १२७.२ किलोग्रॅम-वर्षांच्या निरीक्षणानंतर क्षय आढळला नाही. अर्धायुष्य उपरोक्त संख्येहून अधिक आहे, हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला.

त्याच ठिकाणी सुमारे २०० किलोग्रॅम जर्मेनियमसाठी योजलेला ‘लेजेंड-२००’ हा प्रयोग उभारण्यात आला. वस्तुमान वाढले, तरी पूर्वीची निर्मळता टिकविणे पुरेसे नाही. ती त्याच प्रमाणात वाढवावी लागते, हा या इतिहासाचा बोध होय.