नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीचा ठसा

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, मूळची सगळी क्षहरात राजा नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता.

इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत पश्चिम दख्खनवरून नहपानासारखे क्षत्रप राजे आणि सातकर्णीचे सातवाहन घराणे झुंजत होते. नहपानाचे नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसरीकडे बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीत त्याचे नाव. बाजारात पैशाची पत किती होती, ते नाशिकच्या लेण्यांत वाचायला मिळते. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. दरमहा शेकडा एक व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळायची.

सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, पण हे चलन मोडीत काढले नाही. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि आपले नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, असे ठसे त्याने जुन्या नाण्यांवरच उमटवले. ठसा जरा सरकला, की डोंगराच्या कडेला नहपानाचे नाक आणि दोन-चार ग्रीक अक्षरे आजही दिसतात. लोकांची चांदी लोकांच्याच हाती राहिली आणि राजा बदलल्याची वर्दी प्रत्येक व्यवहारागणिक पोचत गेली. माझ्या मते, ही सातकर्णीची सर्वांत शहाणी राजाज्ञा.

पुढे देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. चष्टनाच्या वंशातल्या क्षत्रपांनी कमानींचा डोंगर उचलला, तर सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा घेतला; यज्ञश्री सातकर्णीची अशी नाणी प्रसिद्ध आहेत. दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य जिंकल्यावर त्याच घडणीची चांदीची नाणी पाडली, फक्त डोंगराच्या जागी गरुड बसवला. राजवंश उलथले, तरी लोकांच्या विश्वासातले नाणे मोडायला कोणी धजावले नाही.

सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिक लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढल्याचा अभिमान आहे. आईने केलेले कौतुक म्हणून कोणी त्यावर शंका घेतली असती. जोगळटेंभीच्या हजारो नाण्यांनी ती शंका उरू दिली नाही. म्हणूनच जमिनीतून निघालेला साठा फुटकळ विकला न जाता एकत्र राहायला हवा: सुटे नाणे राजाचे नाव सांगते, अख्खा साठा त्याच्या काळाची साक्ष देतो.